काजलच्या पोटातलं जामन

मित्रांनो, मी एक जुना जंतू आहे.

बघा, लगेच नाक मुरडलंत. जंतू म्हटलं की तुम्हाला साबण आठवतो, दवाखाना आठवतो, "हात धुतलेस का" असं ओरडणारी आई आठवते. त्याबद्दल माझी तक्रार नाही, पण मी त्यांतला नाही. मी म्हशीच्या पोटात राहून कडबा खाणारा जंतू आहे. कुणाला ताप आणणं, कुणाचं पोट बिघडवणं असले उद्योग आमच्या घराण्यात कधी कुणी केले नाहीत. दोन वर्षांपूर्वीपर्यंत हे मी छातीठोकपणे सांगायचो, मला छाती नसली तरी. आता सांगताना अडखळतो. का, ते पुढे कळेल.

जुना म्हणजे किती जुना, हे सांगणं जरा अवघड आहे. मी दिवसातून एकदा-दोनदा मधोमध फाटतो आणि एकाचे दोन होतो. ते दोघंही मीच. त्यामुळे आमच्यात कुणी म्हातारा नसतो आणि तरुणही नसतो. माझ्या एका अर्ध्याला जे आठवतं तेच दुसऱ्यालाही आठवतं. शिकलेली माणसं यावर हसतील. हसू देत. गोष्ट सांगणाऱ्यावर तुम्ही एवढा विश्वास ठेवा.

देऊळगाव राजाहून जालन्याकडे जाणारी एसटी एका फाट्यावर थांबते. तिथून दोन किलोमीटर आत आमचं गाव आहे. गावाच्या खालच्या अंगाला दोन घरं आहेत, मधली भिंत एकच. एक घर अमीरबीचं, दुसरं झुंबरबाईचं. मागे पत्र्याचा एकच गोठा, त्याच्या मधोमध एक आडवा बांबू. बांबूच्या अलीकडे अमीरबीची जनावरं, पलीकडे झुंबरबाईची. दोघी सुना म्हणून एकाच वर्षी गावात आल्या आणि एकीचं दुसरीवाचून कधी चाललं नाही.

दही लावायला जे चमचाभर जुनं दही लागतं, त्याला झुंबरबाई विरजण म्हणते आणि अमीरबी जामन म्हणते. शब्द दोन, पण वाटी एकच. एकीकडचं दही संपलं की ती वाटी भिंतीवरून पलीकडे जायची आणि भरून परत यायची. कुणाचं दही कुणाच्या दह्यापासून झालं, हे आता त्या दोघींनाही सांगता येणार नाही.

मी या गोष्टीत आलो तोही असल्याच एका उसनवारीतून.

सोळा वर्षांपूर्वी अमीरबीची म्हैस वितानाच मेली. मागे राहिली एक काळीशार पारडी. तिचं नाव काजल ठेवलं. अमीरबीनं तिला बाटलीनं दूध पाजून जगवलं. अडीच महिन्यांची झाली तशी काजल कडबा चघळायला लागली, पण अंगी काही लागेना. पोट नगाऱ्यासारखं, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा, केस राठ. त्याचं कारण साधं होतं. वासरू जन्मतं तेव्हा त्याच्या पोटात आमच्यापैकी कुणीच नसतं. आई त्याला चाटते, आईच्या लाळेनं भिजलेला चारा ते चाखतं, आणि तसे आम्ही हळूहळू त्याच्या पोटात वस्तीला जातो. काजलला चाटायला आईच नव्हती.

झुंबरबाई बांबूपाशी येऊन बघून गेली आणि म्हणाली, "अमीर, हिच्या पोटात विरजणच नाई वं. दूध कसं लागंल?"

"म्हंजे जामन? जनावराच्या पोटात?"

"हाव. माह्या मायेनं लावलेलं पाह्यलं हाये म्या."

झुंबरबाईची म्हातारी म्हैस तेव्हा डोळे मिटून रवंथ करत बसली होती. झुंबरबाईनं तिच्या जबड्यात कोपरापर्यंत हात घातला आणि चघळता घास ओढून काढला. हिरवट, गरम, लाळेनं थबथबलेला. तोच घास तिनं बांबूवरून काजलच्या तोंडात कोंबला आणि ती गिळेपर्यंत तिचा जबडा धरून ठेवला. मित्रांनो, त्या घासात मी होतो. आम्हाला वाऱ्याचं वावडं आहे, वारा लागला की आम्ही पटापट मरतो. पण तो पल्ला एका हाताचा होता आणि लाळ भरपूर होती. मी पोचलो.

महिन्याभरात काजलची कांती तुकतुकीत झाली. गावाला वाटलं, अमीरबीची दुआ लागली. ते खरंच आहे, थोडा वाटा माझाही होता इतकंच.

आता माझं काम सांगतो. ऐकून अमीरबीलासुद्धा राग येईल, पण काजलला कडबा पचत नव्हता. कुठल्याच म्हशीला पचत नाही. गाईला नाही, बकरीला नाही, मेंढीलाही नाही. कडब्याचा, कुटाराचा चिवट धागा तोडणारा रस त्यांच्या अंगात तयारच होत नाही. तो आम्ही तयार करतो. जनावराच्या डाव्या कुशीत पाचसहा घागरींएवढा एक कोठा असतो. आत मिट्ट काळोख, ऊब आणि वाऱ्याची झुळूकसुद्धा नाही. आमच्यासाठी तो राजवाडा. म्हैस भराभर चारा गिळते आणि त्यात टाकते. मग निवांत बसून एकेक घास वर आणते आणि पुन्हा चघळते. लोक म्हणतात, बसली आळसावून. अहो, ती तेव्हा आमच्यासाठी चारा वाटून देत असते. त्या चघळण्यात तिला बादल्यांनी लाळ सुटते आणि त्या लाळेत सोडा असतो. हा सोडा लक्षात ठेवा.

मग आम्ही कडब्याचा धागा न् धागा उसवतो. त्यातून जो आंबट रस निघतो तो कोठ्याच्या भिंतीतून तिच्या रक्तात जातो. त्यावर ती चालते, त्याचंच दूध होतं. वायू निघतो तो ती ढेकरांनी बाहेर टाकते. आणि आम्ही फार झालो की पुढच्या कप्प्यात वाहत जातो आणि तिथे ती आम्हालाच पचवते. दचकू नका. तिला खाऊ घालता घालता आम्हीच तिचं खाणं होतो. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. माझा एक अर्धा मागे राहतोच.

आमच्या कोठ्यात आणखी एक मंडळी राहते. त्यांना मी पीठखाऊ म्हणतो. त्यांना भात, पीठ, ज्वारीचा दाणा लागतो. फार चपळ मंडळी. मी कडब्याच्या एका काडीवर दिवसभर घालवतो, तोवर ते दाणे फस्त करून मोकळे. त्यांचा रस मात्र जहाल आंबट. मूठ-दोन मूठ दाणा आला तर काही बिघडत नाही, लाळेतला सोडा त्यांना आवरून धरतो. मला ते कधीच आवडले नाहीत, हे मी लपवत नाही. पण शेजारी आपण निवडतो थोडेच?

काजल दुधाला लागली त्याच वर्षी खुर्शीदभाई गेले. अमीरबीचे मालक, गाद्या भरायचे. मागे अमीरबी, सहावीतली रुबिना आणि काजल. पुढची सगळी वर्षं काजलच्या दुधानं ओढली. देऊळगावच्या एका हॉटेलात सकाळ-संध्याकाळ दूध जायचं आणि हॉटेलवाला गिऱ्हाइकाला सांगायचा, ही साय बघा, साय. त्या सायीत माझे किती अर्धे होते कोण जाणे. मला फार अभिमान वाटायचा.

रुबिना अभ्यासाला गोठ्यात बसायची. काजलच्या डाव्या कुशीला पाठ टेकायची आणि मधेच पुस्तक मिटून कान लावायची. कोठा मिनिटातून एकदा-दोनदा ढवळून निघतो, तेव्हा लांबून ढग गुरगुरावा तसा आवाज येतो.

"अम्मी, गिरणी चालू हाये!" ती ओरडायची.

अमीरबी चुलीपाशी हसायची. गिरणी चालू असली की घरात सगळं ठीक. तो आवाज मी काढत होतो, मित्रांनो. म्हणजे मी आणि माझे करोडो सोबती. पण त्या पोरीनं कान लावला की मला वाटायचं, ती मलाच ऐकते आहे.

काजल दहा वर्षांची असताना पलीकडे झुंबरबाईची पारडी सावळी आजारली. कुणीतरी तिला माणसांची जंतू मारायची गोळी दळून पाजली होती. रोग गेला आणि सोबत तिच्या पोटातली आमची सगळी वस्तीही गेली. सावळी रवंथ करेना, उभी म्हणून उभी. तेव्हा अमीरबीनं काजलच्या जबड्यात हात घातला. काजल दुसऱ्या कुणाला असा हात घालू देत नव्हती. अमीरबीचा हात आला की आपणहून तोंड उघडायची. ओढलेला घास बांबूवरून पलीकडे देत अमीरबी म्हणाली, "घे. तुह्याच घरचं जामन तुले वापस."

माझा एक अर्धा तेव्हापासून सावळीच्या पोटात राहायला गेला. मी इकडे, तोही मीच तिकडे. गिरणी दोन्ही बाजूंना चालू लागली.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर रुबिनाची शादी ठरली. मुलगा नांदुऱ्याचा.

अमीरबीनं एक गोष्ट कधीचीच ठरवून ठेवली होती. खुर्शीदभाई गेल्याच्या वर्षी, एकदा दूध काढताना ती काजलच्या कुशीत तोंड घालून रडली होती आणि म्हणाली होती, "तू माह्या पोरीले मोठं कर. तिच्या शादीच्या खान्यातला पहिला हिस्सा तुहा." मी ऐकलं होतं. काजलला समजलं की नाही माहीत नाही.

लग्नाच्या दिवशी अमीरबीच्या अंगणात बिर्याणी आणि जर्दा, म्हणजे तो केशरी गोड भात, शिजत होता. आमच्याकडे रीत अशी की अशा लग्नात हिंदू पाहुण्यांचं शाकाहारी जेवण शेजारच्या घरी वेगळं रांधतात. ते अर्थात झुंबरबाईच्या अंगणात होतं. वरण, भात, पोळ्या, बुंदी. दोन अंगणं, दोन चुलवणं, आणि मधल्या भिंतीवरून दोघींची हाकाटी. तिखट संपलं का? पाहुणे बसले का? झुंबरबाई त्या दिवशी नवरीच्या आईपेक्षा जास्त धावत होती.

या धावपळीत काजलला सकाळपासून काडी टाकायचं कुणालाच सुचलं नाही.

दुपारी निकाह झाला, पंगती उठल्या. काजल ओरडत होती. झुंबरबाई खरकटी भांडी घेऊन मागे आली आणि काजलपाशी थांबली. "उपाशी ठेवलं वं माय तुले? आज तुह्या बहिनीची शादी, अन् तूच उपाशी?" तिनं उरलेल्या भाताचं शिगोशीग भरलेलं घमेलं आणलं, वर चारपाच पोळ्या कुस्करल्या, मूठभर बुंदी टाकली आणि काजलपुढे ठेवलं. काजलनं चाटूनपुसून खाल्लं. झुंबरबाईनं तिच्या कपाळावरून हात फिरवला आणि भांडी घासायला निघून गेली.

एक घमेलं. एवढ्यावर थांबलं असतं तर दोन दिवस पोट बिघडलं असतं आणि आम्ही सावरून घेतलं असतं.

संध्याकाळी रुबिनाची पाठवणी झाली. गाडीत बसण्याआधी ती गोठ्यात आली, जरीचा घोळ सावरत काजलच्या कुशीला कान लावून उभी राहिली आणि मग गेली. गाडी फाट्याकडे वळली. पाहुणे पांगले. झुंबरबाई थकून आडवी झाली. अमीरबी रिकाम्या घरात उभी राहिली आणि तेव्हा तिला आठवण झाली.

सकाळीच तिनं जर्द्याचं एक घमेलं बाजूला काढून, वर आपली ओढणी झाकून ठेवलं होतं. पहिला हिस्सा.

ते घेऊन ती गोठ्यात आली. "माफ कर माय. पहिला हिस्सा सगळ्याइच्या मांगून देऊन राह्यली." ती खाली बसली आणि मुठीमुठीनं भरवू लागली. काजलचं पोट भरलेलं होतं. पण तो हात अमीरबीचा होता आणि त्या हातापुढे काजल तोंड उघडायचीच. तूप-साखरेचा मऊ भात होता. ती खात राहिली. अमीरबी भरवत होती आणि रडत होती, आणि मधूनमधून "आता तूच हायेस मले" म्हणत होती.

मित्रांनो, आता मी जे सांगणार आहे ते सांगताना माझी मलाच लाज वाटते.

पहिल्या घमेल्यानंच पीठखाऊ माजले होते. दुसरं आलं तसे ते एकाचे दोन, दोनाचे चार असे इतक्या वेगानं वाढले की माझ्या भोवती दुसरं कुणी दिसेना. त्यांचा तो जहाल रस कोठ्यात साचू लागला. एरवी लाळेतला सोडा आला असता. पण मऊ भाताला चघळायचं काय? चघळणं नाही तर लाळ नाही, लाळ नाही तर सोडा नाही. सकाळपर्यंत कोठ्यात नुसतं आंबट पाणी खळखळत होतं. माझे सोबती थव्यांनी मेले. कोठ्याची भिंत भाजून निघाली आणि ते आंबट तिच्या रक्तात उतरलं. ज्या पोटानं मला चौदा वर्षं सांभाळलं, ते आमच्याच जातीनं जाळलं. मी केलं नाही, पीठखाऊंनी केलं, असं म्हणून सुटता येईल. पण आम्ही सगळे एकाच घरात राहत होतो.

दुसऱ्या दिवशी काजल उभी होती, पण मान खाली. दात खात होती. अमीरबीला वाटलं, रुबिनाची आठवण काढते आहे. दुपारी रुबिनाचा फोन आला.

"अम्मी, काजल कशी हाये?"

"बरी हाये."

"गिरणी ऐकव ना मले. इथं करमून नाई राह्यलं."

अमीरबीनं फोन काजलच्या डाव्या कुशीला लावला. मी जीव खाऊन प्रयत्न केला. एकदा, फक्त एकदा कोठा हलावा म्हणून. पण आम्ही किती उरलो होतो! कोठा हलला नाही.

"आवाज येऊन नाई राह्यला अम्मी. नेटवर्क नसन."

"हाव बेटा," अमीरबी म्हणाली, "नेटवर्क नसन." फोन ठेवला आणि तिनं स्वतः कान लावला. मग ती "झुंबर! झुंबर!" असं ओरडत धावली.

देऊळगावहून जनावरांचे डॉक्टर आले तोवर काजल बसली होती. डॉक्टरांनी कुशीवर मूठ दाबून पाहिली, आत पाणी खळखळलं. शेणाचा आंबट वास त्यांच्या लगेच ध्यानात आला.

"काय खाऊ घातलंत हिला?"

अमीरबीनं खरं सांगितलं. "एक घमेलं जर्दा, साहेब. म्याच देल्ला. माह्या हातानं."

"एकच? आणखी कुणी काही दिलं का? नीट आठवा. जास्त असेल तर पोट उघडून सगळं बाहेर काढावं लागेल, आणि ते आत्ताच करावं लागेल."

झुंबरबाई बांबूपलीकडे उभी होती. तिनं तोंड उघडलं. मी सांगतो, तिनं तोंड उघडलं होतं. पण तिच्याआधी अमीरबीच बोलली.

"नाई साहेब. इच्या तोंडात माह्याबिगर कोणी घास देत नाई. ह्या झुंबरले इचारा."

डॉक्टरांनी झुंबरबाईकडे पाहिलं.

झुंबरबाई म्हणाली, "हाव."

डॉक्टर म्हणाले, मग औषधानं निभावेल, म्हातारं जनावर चिरायला नको. त्यांनी खाण्याचा सोडा पाण्यात कालवून पाजला, शिरेतून सलाईन लावलं आणि सांगितलं, की जमलं तर एखाद्या निरोगी म्हशीचा रवंथाचा घास हिला द्या, पोटातले चांगले जंतू मेलेत. मला चांगला म्हणणारा माझ्या आयुष्यात भेटलेला तो पहिला माणूस.

डॉक्टरांचं वाक्य संपायच्या आत झुंबरबाई सावळीकडे धावली होती. तिनं सावळीच्या जबड्यात हात घातला, घास ओढला, आणि बांबूखालून वाकून येऊन तो काजलच्या तोंडात ठेवला. घाईत अर्धा घास खालीच सांडला. चारपाच वेळा तिनं तसं केलं. अमीरबी तिची पाठ थोपटत होती. "तू रडू नको वं. तुही काय चुकी?"

त्या घासातून माझा चार वर्षांपूर्वी गेलेला अर्धा घरी परत आला. मी त्याला ओळखलं. त्यानं मला ओळखलं की नाही, कोण जाणे. तो आला तो आंबटात पडला, आणि माझ्यासमोर विरून गेला. दोन घमेल्यांच्या भातापुढे चार घासांचं विरजण काय करणार?

तिसऱ्या दिवशी सकाळी काजलनं मान टाकली. अमीरबीनं तिच्या तोंडाशी हात नेला. काजलनं सवयीनं तोंड उघडलं. हातात काहीच नव्हतं, आणि तोंड तसंच उघडं राहिलं.

माणसं जमायच्या आधी सावळीनं बांबूवरून मान घालून काजलचं तोंड चाटलं, कान चाटले, पुन्हा तोंड चाटलं. त्या जिभेवर, थेंबभर लाळेत, मी होतो. काजलच्या पोटातला उरलेला एवढाच मी. असा मी पलीकडे आलो आणि आता तिथूनच तुमच्याशी बोलतो आहे.

रुबिना नांदुऱ्याहून आली तेव्हा माती लोटून झाली होती. अमीरबी कुणी काही विचारायच्या आधीच सांगायची, "म्या मारलं तिले. ह्या हातानं." अजूनही सांगते. त्या हातानं ती आता कुणालाच भरवत नाही. रुबिनाला लेक झाली. तिला आणून आजीच्या मांडीवर दिलं, तर अमीरबीनं भाताचा घास भरवायला चक्क नकार दिला. म्हणाली, "माह्या हाताचं मलेच भेव वाटते."

झुंबरबाई रोज सावळीचं दूध अमीरबीकडे नेऊन देते, एक दिवस चुकवत नाही. गावाला वाटतं, शेजारीण असावी तर अशी. अमीरबीलाही तसंच वाटतं. चुलीपाशी ती दह्याला जामन लावते तेव्हा झुंबरबाईला दुआ देते. झुंबरबाईनं मात्र भात खाणं सोडलं आहे. कुणी विचारलं तर म्हणते, पचत नाही.

मला तिचा फार राग आला होता. सगळं सांगून टाकलं असतं तर डॉक्टरांनी पोट उघडलं असतं, आणि कदाचित, मी कदाचित म्हणतो, काजल आज बांबूच्या अलीकडे उभी असती. एवढ्या वर्षांची मैत्री आणि एक शब्द बोलवला नाही? पण रोज दूध काढताना ती सावळीच्या कुशीला कपाळ टेकते आणि तिचं रडणं मला आतून ऐकू येतं. आता राग येत नाही.

गेल्या आठवड्यात अमीरबी गोठ्यात आली. कितीतरी महिन्यांनी. तिनं सावळीच्या डाव्या कुशीला कान लावला. मी जागा होतो. मी आणि माझे सगळे अर्धे, होतं नव्हतं ते बळ लावून आम्ही कोठा ढवळला. तिनं लगेच रुबिनाला फोन लावला आणि तो कुशीवर धरला.

"ऐक. ऐकू येऊन राह्यलं?"

पलीकडून रुबिना रडत म्हणाली, "हाव अम्मी. चालू हाये. आपली काजलचीच गिरणी हाये ना थे?"

"हाव बेटा. तिचीच."

झुंबरबाई दुधाचं गंज हातात धरून मागेच उभी होती. तिनं पुन्हा तोंड उघडलं. "अमीर, मले तुले एक गोठ सांगाची..."

अमीरबीनं वळून तिचे दोन्ही हात धरले. "काई बोलू नको. तुह्या सावळीनं माही काजल ठेवली पोटात. तुहे उपकार मी कसे फेडू?"

झुंबरबाईचं तोंड मिटलं. गंजातलं दूध हिंदकळून तिच्या पायावर सांडलं.

मित्रांनो, जनावराला जीव लावा, पण त्याच्यापुढे घास ठेवण्याआधी घरात आणि शेजारी एकदा विचारा, की आज कुणी काही दिलं आहे का. पंगतीचा भात त्याला ताटभर देऊ नका. त्याला कडबा द्या, आणि चघळायला वेळ द्या. एवढं तुम्हाला सांगता आलं म्हणजे माझं काम झालं असं मी ठरवून आलो होतो. पण ते झालेलं नाही.

मला तोंड नाही. मी फक्त गुरगुरू शकतो, आणि ते गुरगुरणं ऐकून अमीरबी खूष होते, ते तर मला अजिबातच सहन होत नाही. तुम्हाला तोंड आहे. तुमच्यापैकी कुणी देऊळगावहून जालन्याच्या एसटीत बसलात, तर त्या फाट्यावर उतरा. दोन किलोमीटर आत या. खालच्या अंगाची दोन घरं कुणीही दाखवेल. आधी झुंबरबाईकडे जा. तिला म्हणा, तू सांग, आता तरी सांग, पोटातलं तुझ्या एकटीला पचणार नाही. ती नाहीच म्हणाली तर भिंतीपलीकडे जा. अमीरबी ओट्यावर बसलेली असेल, दोन्ही हात ओढणीत गुंडाळून. तिचे हात मोकळे करा आणि तिला एवढंच सांगा, की घमेलं एक नव्हतं, दोन होती.